पहिल्यांदाच काला अंबला निघालात?

'पानिपत झाले' हे शब्द मराठी घरात शाळेच्या निकालापासून निवडणुकीच्या निकालापर्यंत कुठेही सहज वापरले जातात. 'विश्वास पानिपतात गेला' हेही आपण हसत हसत बोलून जातो. बोलण्यात इतके मुरलेले हे गाव प्रत्यक्षात मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. आग्रा, मथुरा, हरिद्वार, वैष्णोदेवी असा उत्तरेचा दौरा काढणारी मराठी कुटुंबे दिल्लीहून अवघ्या ९० किलोमीटरवरचे पानिपत बाजूला ठेवून पुढे निघून जातात. जी थोडी कुटुंबे वाट वाकडी करून जातात, त्यांतली काही हिरमुसली होऊन परततात. "एवढेच?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

या हिरमोडाचे कारण सोपे आहे. काला अंब म्हणजे किल्ला नव्हे, राजवाडा नव्हे, समाधिमंदिरही नव्हे. कठड्याच्या आत उभा असलेला एक विटांचा स्तंभ आणि भोवतालची बाग, एवढेच तिथे दिसते. डोळ्यांना तिथे थोडे मिळते, मनाला पुष्कळ. पण त्यासाठी तयारी करून जावे लागते. ती तयारी कशी करावी, ते पाहू.

आधी ठिकाण नीट ओळखा

पहिली सूचना नावाचीच. काला अंब नावाची दोन ठिकाणे आहेत. एक पानिपतचे आणि दुसरे हरियाणाच्या सीमेला लागून असलेले हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्ह्याचे, कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. दोन्हींमध्ये शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. टॅक्सी ठरवताना नुसते 'काला अंब' म्हणू नका, 'पानिपतवाला काला अंब, मराठों का स्मारक' असे स्पष्ट सांगा. मोबाइलवर रस्ता शोधतानाही पानिपत जिल्ह्याचे नाव पाहूनच निघा.

आपले काला अंब पानिपत शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची तिसरी लढाई झाली, तेव्हा येथे आंब्याचे झाड होते आणि रणात सांडलेल्या रक्ताने त्याचा रंग काळा पडला, अशी लोकपरंपरा आहे. सदाशिवरावभाऊ येथूनच लढाईचे नेतृत्व करत होते, असेही मानले जाते. ते झाड पुढे वाळून गेले. त्याच्या लाकडाचे दरवाजे करण्यात आले आणि ते पानिपतच्या संग्रहालयात ठेवलेले आहेत, असे सांगतात. झाडाच्या जागी आज स्तंभ आहे.

केव्हा जावे?

ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य, किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ कुटुंबासाठी उत्तम. मे-जून टाळावा. तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि उघड्या मैदानावर वृद्धांना व मुलांना उन्हाचा फार त्रास होतो.

१४ जानेवारीची गोष्ट वेगळी. त्या दिवशी काला अंबला शौर्य दिन साजरा होतो. महाराष्ट्रातून आणि हरियाणातून मोठ्या संख्येने माणसे येतात. २०२५ साली मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही या कार्यक्रमाला उपस्थित होते. ज्यांना हा सोहळाच अनुभवायचा आहे, त्यांनी जरूर जावे. पण गर्दी, वाहनतळापासूनची पायपीट आणि थंडी यांचा हिशेब आधी करावा. ज्यांना शांतपणे उभे राहायचे आहे, त्यांनी दुसरा दिवस निवडावा.

जानेवारीत जाणार असाल तर धुके विसरू नका. या दिवसांत हरियाणात सकाळी दहा-दहा पावलांवरचे दिसत नाही. गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. त्याच दिवशी रात्रीचे विमान किंवा परतीची रेल्वे मुळीच ठेवू नये. पुण्या-मुंबईच्या 'थंडीचा' एक स्वेटर येथे पुरत नाही. लोकरी टोपी, मोजे, बंद बूट आणि अंगाला लागून घालायचे गरम कपडे प्रत्येकासाठी घ्या.

कसे जावे?

दिल्लीत मुक्काम ठेवून एका दिवसात जाऊन येणे सर्वांत सोयीचे. काश्मिरी गेटच्या बसस्थानकावरून हरियाणा परिवहनच्या बसगाड्या मिळतात. पानिपत हे दिल्ली-अंबाला लोहमार्गावरचे जंक्शन आहे, त्यामुळे दिल्लीहून रेल्वेही आहे. पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस याच मार्गाने जाते. मात्र आरक्षण करताना थांबे आणि वेळ तपासून घ्या.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी एक खूण. राष्ट्रीय महामार्ग ४४ पानिपत शहरावरून लांबलचक उड्डाणमार्गाने जातो. चालकाला आधी सांगितले नाही, तर गाडी गावाच्या डोक्यावरून कर्नालच्या दिशेने निघून जाते आणि परत फिरण्यात अर्धा तास जातो. बसमध्येही वाहकाला 'पानिपत शहर के अंदर उतरना है' असे चढतानाच सांगून ठेवा. शहरातून पुढे ऑटो किंवा ई-रिक्षा मिळते. भाडे जाण्या-येण्याचे ठरवा आणि थांबण्याची वेळही त्यातच बोलून घ्या. स्मारकापाशी परतीचे वाहन मिळेलच, असे गृहीत धरू नये.

निघण्यापूर्वी घरातला अर्धा तास

ही सर्वांत महत्त्वाची तयारी आणि तिला पैसा लागत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी भारताचा नकाशा पसरून मुलांना जवळ बसवा. त्यावर जालना जिल्ह्यातले परतूर शोधा. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज तेथून उत्तरेकडे निघाली. ऑगस्टमध्ये तिने दिल्ली घेतली. ऑक्टोबरमध्ये कर्नालजवळचे कुंजपुरा जिंकले. त्यानंतर फौज कुरुक्षेत्राच्या वाटेवर असतानाच बागपतजवळ यमुना ओलांडून अहमदशाह अब्दाली या तीरावर आल्याची बातमी आली.

आता नकाशावर बोट ठेवून एक गोष्ट मुलांनाच ओळखायला सांगा. मराठे पानिपतला, अब्दाली त्यांच्या दक्षिणेला. म्हणजे दिल्लीचा आणि पुढे दख्खनचा रस्ता अब्दालीने अडवलेला. उलट अब्दालीचा अफगाणिस्तानचा रस्ता मराठ्यांच्या पाठीमागे. दोघेही एकमेकांच्या घरी जायच्या वाटेवर उभे होते! नोव्हेंबरपासून सुमारे अडीच महिने हा पेच सुटला नाही. हे एकदा समजले की पानिपत म्हणजे सनावळी राहत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांना आणि बायकांना विशेष जवळची वाटेल. या फौजेबरोबर केवळ शिपाई नव्हते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, इतर सरदारांचे कुटुंबकबिले होते, आणि मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी अशी तीर्थे घडतील या आशेने निघालेले हजारो यात्रेकरूही होते. लष्कराची सोबत म्हणजे सुरक्षित प्रवास, असा तेव्हाचा समज होता. त्यांतल्या कित्येकांचा तो उत्तरेचा पहिलाच प्रवास असणार. म्हणजे आज तीर्थाटनाला निघणाऱ्या आपल्यासारख्याच कुटुंबांची ती माणसे.

कोणत्याही गृहिणीला विचारा, प्रवासाला निघताना ती तीन गोष्टी पाहते: अंगावर पुरेसे कपडे, डब्यात पुरेसे खाणे आणि परतीचे तिकीट. पानिपतच्या छावणीत नेमक्या याच तीन गोष्टी संपत गेल्या. उत्तरेची थंडी अंगात शिरली. रसद तुटली, ती पोहोचवण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. आणि परतीची वाट तर बंदच होती. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढू, असे ठरवून १४ जानेवारीच्या सकाळी छावणी बाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सुरुवातीला मोठी कामगिरी केली. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब रणात दिसेनासे झाले आणि संध्याकाळपर्यंत सारे संपले. किती माणसे गेली, याच्या आकड्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. महाराष्ट्रात मात्र त्या आकड्याची घरोघर झळ पोहोचली.

ज्यांना अधिक वाचायचे आहे, त्यांनी त्र्यं. शं. शेजवलकरांचे 'पानिपत १७६१' मिळवावे. विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी बहुतेक वाचनालयांत असतेच.

तिथे पोहोचल्यावर

स्तंभापाशी छायाचित्र काढून लगेच परत फिरू नका. निदान पाऊण तास ठेवा. आधी दिशा समजून घ्या: पूर्वेला यमुना, दक्षिणेला दिल्ली, उत्तरेला कुरुक्षेत्र. मग आजूबाजूची जमीन पाहा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या नजरेला येथे काहीतरी चुकल्यासारखे वाटते. टेकडी नाही, खिंड नाही, कडा नाही. दडायला, अडवायला, माघार घ्यायला निसर्गाचा कसलाच आधार नाही. ज्यांनी डोंगराच्या कुशीत युद्धाचे धडे घेतले, त्यांना या ताटासारख्या सपाट प्रदेशात उभे राहावे लागले. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट तिथे पायांना कळते, आणि काला अंबला प्रत्यक्ष जायचे ते याचसाठी.

बागेत डबा उघडायला हरकत नाही, पण स्तंभापासून दूर बसा आणि कचरा बरोबर न्या. फुले वाहायची असतील तर शहरातूनच घ्या. घोषणा देण्याचा मोह काहींना होतो. शेजारी कुणी डोळे मिटून उभे आहे का, ते आधी पाहावे.

गावात आणखी काय पाहाल?

दिवस हाताशी असेल तर पानिपत संग्रहालय आवर्जून पाहा. तिन्ही लढायांचा परिचय तिथे होतो. उघडण्याच्या वेळा आणि सुटीचा वार आधी विचारून घ्या. गावात पहिल्या लढाईत, १५२६ साली मारल्या गेलेल्या इब्राहिम लोदीची कबर आहे. त्याच विजयानंतर बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद आणि बू अली शाह कलंदर यांचा दर्गाही आहे. देवी मंदिराच्या मोठ्या तलावाकाठी एक शिवमंदिर आहे. लढाईनंतर पानिपतातच राहिलेल्या मंगल रघुनाथ नावाच्या मराठ्याने ते बांधले, असे मानतात. काला अंबइतकेच हे मंदिरही मराठी माणसाने पाहावे. एक जागा सारे संपल्याची, दुसरी त्यानंतरही कुणीतरी घर मांडल्याची.

दिल्लीच्या उत्तर टोकाला असलेली बुराडी वाटेतच म्हणावी इतकी जवळ. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे तिथल्या यमुनेच्या घाटावर पडले. भाऊंच्या मोहिमेमागच्या कारणांपैकी ते एक मोठे कारण होते.

खाणे, खरेदी आणि चार शब्द

वाटेत मुरथलचे ढाबे पराठ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. वर लोण्याचा मोठा गोळा येतो, तेव्हा एका माणसाला एकच मागवा आणि मग पुढचे ठरवा. पानिपतात घोंगड्या, चादरी, सतरंज्या यांचा मोठा बाजार आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथील विणकामाच्या धंद्याला नवी उभारी दिली. लोणच्यांतले 'पचरंगा' याच गावचे. थंडीत तिळाची गजक आणि रेवडी घ्या. आपल्या तिळगुळाची ही बहीणच.

हरियाणवी बोली रांगडी आहे. कुणी मोठ्याने बोलले तर भांडतोय असे समजू नका. वयस्क माणसाला 'ताऊजी' म्हणून हाक मारली की पत्ता तर मिळतोच, बरेचदा चहाही मिळतो. हरियाणातील रोड समाजातले अनेक जण स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. असे कुणी भेटले, तर पुरावे विचारत बसू नका. दोन घटका त्यांच्यापाशी बसा, त्यांची आठवण ऐका, आपली सांगा.

संध्याकाळ होण्याआधी दिल्लीकडे निघा; हिवाळ्यात धुके लवकर उतरते. गाडी महामार्गाला लागली की मुलांना एवढेच सांगा, की आता आपण दक्षिणेकडे चाललो आहोत. अडीच महिने छावणीतल्या हजारो डोळ्यांनी याच दिशेला पाहिले होते. त्यांना न मिळालेली ही वाट आपण दोन-अडीच तासांत संपवतो आणि दुसऱ्या दिवशी घरची गाडी पकडतो.