सोमवार, पास आणि अम्मीचे गुडघे

खर्ड्याहून समुद्र बघायचा तर रात्रीची एस.टी. धरून सकाळी मुंबईत उतरावे लागते. अशा गावातल्या मास्तरला कुणी विचारले, "जहाज अबुधाबीला एक दिवस थांबणार आहे, तिथला पर्यटकांचा पास काढू का?" तर ती थट्टाच वाटेल. पण माझ्या भाच्याने विचारले, आणि अगदी मनापासून विचारले.

भाचा शारजात नोकरी करतो. काही वर्षे पैसे बाजूला टाकून त्याने नोव्हेंबरात आपल्या अम्मीला, म्हणजे माझ्या आपाला, आणि माझ्या अम्मीला दुबईहून सुटणाऱ्या क्रूझवर न्यायचे ठरवले. माझी शाळा सुरू होणार होती, त्यामुळे मी जाणार नव्हतो. पण घरात कागद वाचायचा असला की तो माझ्याकडे येतो, ही बी.एड.ची शिक्षा आहे. पासची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि मागोमाग फोन. "मामू, यात सगळं येतं. चढ-उतार करायची बस, लूव्र म्युझियम, कस्र अल वतन राजवाडा. वेगवेगळं काढलं तर महाग पडतं."

अम्मीला बहात्तरावे लागले आहे. दोन्ही गुडघे दुखतात. आमच्या गल्लीतून मशिदीपलीकडच्या किराणा दुकानापर्यंत जाताना ती दोनदा ओट्यावर बसते.

मला क्रूझ माहीत नाही, पण घाईतला पाहुणा चांगला माहीत आहे. आमचा किल्ला बघायला येणारे बहुतेक लोक दुसरीकडे निघालेले असतात. गाडी चालू ठेवूनच विचारतात, "सर, अर्धा तास आहे, काय काय होईल?" आधी मी उत्साहाने सगळे सांगायचो: दरवाजा, तट, बुरूज, विहीर. ते पळत सुटायचे, फोटो काढायचे, घामाघूम होऊन गाडीत बसायचे. ११ मार्च १७९५ च्या लढाईनंतर निजाम अली खान याच भिंतींच्या आड अडकला होता, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत दार लागलेले असायचे. आता मी एकच सांगतो: तटावर जा आणि बाहेरचे माळरान बघत बसा.

तर मी शाळेच्या वेळापत्रकासारखा तक्ता आखला. जहाज सकाळी नऊला लागणार, संध्याकाळी सहाला सुटणार. कागदावर नऊ तास. पण जहाज लागले की लगेच उतरता येत नाही. तपासणी, रांगा, त्यातून दहा वाजले तर नशीब. सुटण्याच्या तासभर आधी परत चढलेले असावे लागते. आणि स्वतःच्या स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, म्हणून आणखी अर्धा तास हातात ठेवायचा. उरले साडेसहा तास. त्यात जेवण आणि जोहरची नमाज. पासवर छापलेले चोवीस तास या हिशेबात येतच नाहीत. रात्रीचे तास आपण समुद्रात असतो आणि पैसे मात्र त्यांचेही भरलेले असतात.

मग बस. चढ-उतार करायची बस तरण्या माणसाला छान. पण प्रत्येक थांब्यावर उतरायचे म्हणजे पुढच्या बसची वाट बघायची. तीन ठिकाणे धरली तरी तास-दीड तास नुसता थांब्यावर जातो, आणि अम्मीला सहा वेळा पायरी.

लूव्रपाशी मात्र माझाच जीव अडकला. ते २०१७ साली उघडलेले संग्रहालय बंदरापासून जवळ आहे. तिथे कुरआन, बायबल आणि तौरात यांची जुनी हस्तलिखिते एकाच दालनात ठेवली आहेत, हे मी वाचले होते. वर्गात सांगायला असा एक फोटो भाच्याकडून मिळाला तर काय हवे! त्या लोभापायी मी दोन दिवस पासच्या बाजूने बोललो. मग तारखेचा वार बघितला. सोमवार. लूव्र सोमवारी बंद. मुंबईला बाहेरदेशीची जहाजे एका दिवसासाठी येतात, त्यांतले सोमवारी उतरणारे असेच फसत असतील. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद असतात. पास विकणाऱ्याला वाराशी देणेघेणे नसते, ते आपणच बघायचे.

राहिले काय? राजवाडा, आणि तोही सरकारी पाहुणे आले तर बंद ठेवतात. आणि ज्या जागेसाठी आपा आणि अम्मीने खरे तर होकार दिला होता ती शेख जायद मशीद. तिला तिकीटच नाही. आधी ऑनलाइन नाव नोंदवायचे, बस्स. बंदरापासून साधारण वीस किलोमीटर, टॅक्सीने अर्धा तास. पासची सगळी किंमत ज्याच्यावर उभी होती ते बंद, आणि जे हवे होते ते फुकट.

मी भाच्याला हे सांगितले तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामू, पैशाचा प्रश्न नाहीये." मला तेव्हा कळले की मी लाल शाई चुकीच्या वहीवर चालवतोय. त्याला परवडतेय का हे तो विचारतच नव्हता. नानी पहिल्यांदा परदेशी येतेय, तिला काही कमी पडले असे कुणी म्हणू नये, एवढे त्याला हवे होते. पास हातात असला की आपण सगळे दिले असे वाटते. त्याची चूक नाही. दोन रात्री शहरात मुक्काम असता, सोबत तरणी पोरे असती आणि वार मंगळवार असता, तर मीच म्हणालो असतो काढ.

शेवटी फोन स्पीकरवर टाकून अम्मीलाच विचारले. ती म्हणाली, "पाँव मेरे, और हिसाब तुम दोनों का?" मग म्हणाली, मशीद एक बस. आणि जहाज सुटायच्या आधी मला वर उघड्यावर नेऊन बसवा.

हे दुसरे मागणे आम्हाला दोघांनाही समजले नाही.

पास काढला नाही. मशिदीत पर्यटकांची वाट जमिनीखालच्या बाजारातून जाते आणि चालणे बरेच पडते, म्हणून व्हीलचेअर मागायची, हे मी भाच्याला तीनदा बजावले. अम्मी आधी व्हीलचेअरवर बसायला तयार नव्हती, नंतर उतरायला तयार नव्हती, असे आपा सांगते. ब्याऐंशी घुमट मोजायचा नाद कुणी केला नाही. जोहर झाली, आणि अम्मी एका खांबाशी बराच वेळ बसून राहिली. तीन वाजता सगळे जहाजावर परत. भाच्याला चुटपुट होतीच. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाकडे सहा ठिकाणचे फोटो होते.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. वाऱ्याने अम्मीचा दुपट्टा सारखा उडत होता. तेव्हा तिने सांगितले. १९७४ मध्ये नाना हजला निघाले, तेव्हा हाजींची जहाजे मुंबईहून जेद्दाला जायची. १९९५ नंतर ती बंद झाली. अम्मी त्यांना सोडायला बंदरावर गेली होती, नुकतेच लग्न झालेले. परतीची गाडी चुकेल म्हणून घरच्यांनी जहाज सुटायच्या आधीच तिला तिथून काढले. दोर सुटताना दिसलेच नाहीत.

"आज देखे," ती म्हणाली, आणि फोन आपाकडे दिला. आपाला जहाजावरची डाळ फार अळणी लागत होती, त्यावरच बाकीचा कॉल गेला.