मायनसमध्ये गेलेली बॅटरी

सोलापूरच्या माणसाला टक्केवारीचं गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात आमच्या घरी पहिली बातमी असते ती उजनी किती टक्क्यांवर आली याची. एप्रिल-मे उजाडला की हे आकडे शून्याच्या खाली जातात. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती. बाहेरचे मित्र विचारतात, धरण मायनसमध्ये कसं जातं? सोपं आहे. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं तळाचं सुमारे ६३ टीएमसी पाणी हा मृतसाठा. टक्के मोजतात ते फक्त त्याच्या वरच्या, म्हणजे सुमारे ५३ टीएमसीच्या उपयुक्त साठ्याचे. म्हणजे शून्य टक्के याचा अर्थ धरण रिकामं असा नाही. शून्य टक्के म्हणजे आता हात आखडता घ्या.

हे सगळं आठवायचं कारण एक बॅटरी.

माझ्या मित्राचे वडील उजनीच्या फुगवट्यावर, करमाळा तालुक्याच्या बाजूला, मासेमारी करतात. चिलापी जास्त, कधी कटला, कधी रोहू. पाणी मागे सरकलं की काठही मागे सरकतो आणि त्याच्यामागे काकांचं पाल. चार बांबू, एक ताडपत्री, एक बाज. उन्हाळ्यात ते दोन-तीनदा तरी हलतं. त्यामुळे तिथे विजेचा खांब येणं शक्यच नाही. मित्र सध्या परदेशात आहे. यंदा मे महिन्यात मी पुण्याहून सुट्टीला आलो, तेव्हा त्याने फोन करून सांगितलं, "बाबांच्या सोलरचं एकदा बघ. बॅटरी पुरत नाही म्हणतात." मी सॉफ्टवेअरवाला. पण गावाकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर, त्याला मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं यायला हवं.

बॅटरी १२ व्होल्ट, ४० ॲम्पिअर-तासांची, लेड-ॲसिडची. गुणाकार केला तर ४८० वॅट-तास. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली नेली तर ती लवकर मरते. म्हणजे वापरायचे २४० वॅट-तास, बाकीचा मृतसाठा. हे काकांना सांगितलं तर ते हसले. "म्हंजी उजनीच की!"

मग खर्च मांडला. पाच वॅटचा एलईडी दिवा आठ तास, ४०. तीन मोबाईल, चार्जिंगमधली गळती धरून ७५. पंधरा वॅटचा छोटा डीसी पंखा आठ तास, १२०. बेरीज २३५. एका रात्रीपुरतं बरोबर बसतं. अडचण दुसऱ्या दिवशीची. पॅनल ५० वॅटचं. मे महिन्यात ऊन भरपूर, पण पॅनल जितकं तापतं तितकी त्याची वीज कमी होते. त्यातून बॅटरीत भरताना आणखी गळती. हाती दिवसाला १७० वॅट-तासांच्या आसपास. म्हणजे रोज ६५ची तूट. दुसऱ्याच रात्री आपण मायनसमध्ये.

बर्फावर मासेमारी करणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मिनेसोटात, कॅनडात गोठलेल्या तळ्यावर तंबू टाकायचा, बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडून बसायचं. त्यांच्याकडेही अशीच १२ व्होल्टची बॅटरी असते. त्यांचा शत्रू थंडी. गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते, आणि लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची बिघडू शकते. आमच्याकडे उलटं. चाळीसच्या वरच्या उन्हात बॅटरी काम जोरात करते, पण म्हातारी लवकर होते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य अर्ध्यावर येतं. काकांना हा नियम माहीत नव्हता, पण बॅटरी त्यांनी बाजेखाली खड्डा करून सावलीत ठेवलेली होती. "तापलं की कुणीबी लवकर म्हातारं हुतं."

रात्री पंखा लागला. काका डोळे मिटून पडले होते. साडेअकराच्या सुमाराला उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. मी विचारलं, "काका, का हो?" म्हणाले, "पंखा दमला. आवाज बदलला बघ त्याचा." मला काही फरक कळला नव्हता. थोड्या वेळाने मल्टिमीटर लावला. १२.२ व्होल्ट. लेड-ॲसिड बॅटरी साधारण अर्ध्यावर आली की एवढाच आकडा दाखवते.

तक्ता दाखवून मी म्हणालो, पंखा चारच तास लावला तर हिशोब जवळपास जुळतो. ते काकांना पटलं. मग मी दिव्याबद्दल विचारलं. दिवा पालाच्या आत नव्हताच. तो बाहेर उंच बांबूला बांधला होता, तोंड पाण्याकडे करून. आत आम्ही अंधारात.

"त्यो आपल्यासाठी न्हाई. पहाटं होडी घिऊन गेलं की काठ दिसत न्हाई. सगळीकडं काळंच. दिवा दिसला की कळतं, घर कुठं हाय."

वळवाच्या दिवसांत उजनीवर वारा कधी सुटेल सांगता येत नाही. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या दिवसापासून काकूंचा एक नियम आहे. काका पाण्यावरून परत काठाला लागले की फोन करायचा. रोज. तो फोन येईपर्यंत काकू चहा घेत नाहीत.

त्यासाठी काकांकडे बटणांचा एक साधा फोन वेगळा आहे. स्मार्टफोनवर ते व्हिडिओ बघतात, नातवाशी बोलतात. काठावर रेंज कच्ची, त्यामुळे तो फोन सतत टॉवर शोधत बसतो आणि संध्याकाळपर्यंत लाल होतो. बटणांच्या फोनला मात्र ते व्हिडिओच्या वेळी हात लावत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, गाठ मारून, तो होडीत जातो.

ऑफिसमध्ये आमच्या ॲपने किती बॅटरी खाल्ली यावर मीटिंगा होतात. लोकेशन दर किती सेकंदांनी घ्यायचं, बॅकग्राउंडला काय चालू ठेवायचं. पडद्यावर एक आलेख असतो आणि आम्ही तो खाली आणायला बघतो. कुणाच्या फोनमधले शेवटचे दहा टक्के कशासाठी राखलेले आहेत, हे त्या आलेखात कुठेच येत नाही. ते येण्यासाठी कोणता रकाना वाढवायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.

पहाटे चारला काका निघाले. मागे मी आणि दिवा. साडेपाचच्या आधी वारा सुटला, ताडपत्री फडफडायला लागली. मी पुन्हा मीटर लावला. १२.१. पंखा बंद, माझा फोन चार्जरवरून काढलेला. करण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. दिवा चालू होता.

पावणेसहाला वल्ह्याचा आवाज आला. काकांनी होडी ओढली, चिलापीची पाटी खाली ठेवली आणि आधी पिशवीची गाठ सोडली.

"आलो गं काठाला. घे च्या."

माझ्या तक्त्यात या फोनचा खर्च मांडायला गेलो, तर तो इतका कमी निघाला की गोळाबेरजेत शून्य येत होता. मी त्याच्यासाठी वेगळी ओळ ठेवली आणि ती सगळ्यात वर नेली.