‘नातं’ या रकान्यात

प्रिय लेकरा,

तू पुण्याला गेलास, पण तुझ्या बुटांतली माती अजून जिन्यात आहे. काल धाकट्यानं पुन्हा ‘द ब्लाइंड साइड’ लावला. पहिल्यांदा बघताना तू विचारलं होतंस, “काकू, ह्याला फुटबॉल म्हणतेत? पाय तर कुणीच लावीना!”

अमेरिकेतला तो फुटबॉल निराळाच. चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि चेंडू फेकणाऱ्या गड्याला न दिसणाऱ्या बाजूनं कुणी आडवं पाडू नये म्हणून ज्याच्यावर सिनेमा निघाला त्या मायकेल ओहरनं मध्ये उभं राहायचं. मेम्फिसमधलं गरीब पोर, आईला बारा लेकरं, आज या घरी तर उद्या त्या घरी झोपणारं. शाळेत असतानाच टुओही नावाच्या पैसेवाल्या घरात राहायला गेलं, तिथून कॉलेज, आणि २००९ मध्ये थेट बाल्टिमोरचा व्यावसायिक संघ. सिनेमा संपल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अगदी तुमच्यासारखंच की!” मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

पुढचं तुला सांगितलं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ओहर कोर्टात गेला. टुओहींनी आपल्याला दत्तक घेतलंय असं तो समजत होता, आणि २००४ मध्ये, अठरा वर्षांचा झाल्यावर झालेला कागद निघाला त्याच्या वतीनं व्यवहार बघण्याच्या अधिकाराचा. त्या कागदानं तो त्यांचा मुलगा झालाच नव्हता. टुओही म्हणतात, आम्ही त्याला लुबाडलं नाही. पैशांचं खरंखोटं मी कोण ठरवणार? पण पुढच्याच महिन्यात न्यायाधीशांनी ती व्यवस्था मोडली. धडधाकट माणसासाठी असा कागद झालाच कसा, हा त्यांचा प्रश्न होता.

मला जास्त बोचल्या त्या सॉसच्या बाटल्या. सिनेमात घरातला लहानगा टेबलावर बाटल्या मांडून त्याला खेळ शिकवतो ना? ओहरनं नंतर स्वतःच्या पुस्तकात लिहिलं, की खेळ त्याला आधीपासूनच कळत होता, सिनेमानं उगाच मठ्ठ दाखवलं. इथं मी गप्प झाले. “आमच्याकडं आला आणि घडला” हे मीही हळदीकुंकवाला चारचौघींत बोललेय. तू तर ऊसतोड टोळीबरोबर फडावर आलास तेव्हाच चिंध्यांच्या चेंडूवर डावा पाय तयार करून आला होतास. शाळेतल्या सरांनी तो पाय ओळखला. टोळी बीडला परत निघाली, शाळेच्या स्पर्धा पावसाळ्यात, म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत एक गादी टाकली, एवढंच.

स्पर्धेच्या फॉर्मवर ‘पालक’ म्हणून मीच सही ठोकली होती, ‘नातं’ या रकान्यात ‘काकू’ लिहून. क्लार्कनं फॉर्म परत केला, “आईचीच सही लागते.” केवढी चिडले होते मी! तुझी आई रात्रभर एसटीत बसून आली. कोयत्यानं चिरलेल्या बोटानं, जीभ दातात धरून, एकेक अक्षर काढत सही केली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. चहापलीकडं तिला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा.

आणखी एक राहून गेलं. मागच्या वर्षी गुडघा सुजला तेव्हा तू तीन दिवस लपवलंस. स्पर्धा चुकेल म्हणून, असं मी धरून चालले. खेळ सुटला तर घरही सुटेल, असं वाटलं होतं का रे तुला?

वसतिगृहाच्या फॉर्मच्या वेळी मात्र आधी तुझ्या आईला फोन लावला. पहिला नंबर तिचा, दुसरा माझा. दिवाळीनंतर ती फडावर येईल, तिथं रेंज नसते. तेव्हा मला सांग, मी स्कूटरवर जाऊन निरोप पोचवीन. गुडघ्याचंही सांग, आणि पहिल्याच दिवशी सांग.

भिंतीवरचा अनिकेत जाधव आहे तिथंच आहे. आपल्या कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा पोरगा, तुझ्यासारखाच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्याखालची तुझी गादी धाकटा मागतोय. मी दिली नाही.

तुझी,
काकू