दऱ्या आणि दर्या

हस्तलिखितांच्या काळात वाचणाऱ्याला ग्रंथाइतकाच लेखनिकही ओळखावा लागे. एखादा घाईचा, एखादा न कळलेला शब्द परस्पर ‘सुधारणारा’, एखादा नजरेने अधू. एकाच ओवीचे निरनिराळे पाठ होत ते या मंडळींच्या हातून. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यामागे हेच दुखणे होते. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही हे सारे भूतकाळात सांगत असू. छापखाना आला आणि लेखनिकांची ही जात संपली, अशी आमची समजूत होती. आंतरजालावर मराठी वाचू लागलो आणि ती समजूत फार दिवस टिकली नाही.

आम्ही दोघे मराठीत एम. ए. करून २००५ च्या सुमारास जव्हारला तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते; पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. नवे नियतकालिक हवे असेल तर नाशिकला किंवा मुंबईला जाणारे कोणीतरी गाठावे लागे. त्यामुळे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणे ही आमची चैन नव्हती. तेच आमचे वाचनालय होते. भारनियमनाच्या वेळा पाठ असत. त्या सांभाळून जावे, तर पुढचा खोळंबा संगणकाच्या पडद्यावर वाट पाहत असे.

ब्राउझरला मराठीत ‘न्याहाळक’ म्हणण्याचा प्रघात तेव्हा नुकताच पडत होता. शब्द गोड आहे. पण त्या दिवसांत न्याहाळत बसावे लागे ते आम्हांलाच. अनेक मराठी संकेतस्थळांचे स्वतःचे वेगळे टंक असत. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले हे टंक मजकुराबरोबर आपोआप उतरावेत, अशी सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होती. दुसऱ्या न्याहाळकातून तेच पान उघडले की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा दिसे. महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण व्हावी असा प्रकार. फरक एवढाच, की त्यांनी ग्रंथ जाणूनबुजून झाकले होते. इथे झाकण्याचा हेतू कोणाचाच नव्हता.

युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक मिळाला आणि हा गोंधळ मिटेल असे वाटले. पण विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांसाठीच्या फायली वेगळ्या बसवाव्या लागत. त्या बसवायला मूळ सीडी हवी आणि कॅफेत ती कधीच सापडत नसे. मग ऱ्हस्व वेलांटी आपले अक्षर सोडून पुढच्या अक्षराच्या अंगणात जाऊन उभी राही. ‘किरण’चा ‘करिण’ होई, जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी पडत. फायरफॉक्स अनेक बाबतींत सरस. पण दोन्ही कडा समान राखलेला देवनागरी मजकूर त्याच्या जुन्या आवृत्त्यांत मोडून जाई. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा ती तक्रार मिटली. म्हणजे ज्या लेखकाने आपले पान पुस्तकासारखे देखणे मांडले, त्याचेच पान वाचता येत नसे. आम्ही एक लेख एका न्याहाळकात उघडायचो, दुसरा दुसऱ्यात, आणि वहीच्या मागच्या पानावर कोणते संकेतस्थळ कशातून वाचावे याची यादी ठेवायचो.

पुढे साधे मोबाइल आले. त्यांत देवनागरी टंक नसे, म्हणून मराठी म्हणजे चौकोनांच्या रांगा. ओपेरा मिनीमध्ये एक आडवाट होती. पत्त्याच्या जागी ‘ओपेरा:कॉन्फिग’ असे रोमन लिपीत टंकून एक पर्याय बदलला, की मराठी अक्षरे चित्रांच्या रूपात येत. हा मंत्र एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जात जात आमच्यापर्यंत आला. त्या विषयात गुरू तेच होते. चित्राची अक्षरे वाचता येत, मात्र त्यांतली ओळ उचलून घेता येत नसे.

सुखाचे दिवस म्हणावेत ते फीड रीडरचे. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन तो एका जागी आणून ठेवी. पान मोडके असले तरी मजकूर साध्या रूपात हाती येई. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेला गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. यादी उतरवून घेण्याची मुभा होती आणि आम्ही ती घेतलीही. पण यादी म्हणजे पत्ते. त्यांतल्या किती घरांत नंतर कोणी राहत नव्हते, ते दारे ठोठावल्यावर कळले.

हे सारे त्रास आम्ही हसत सांगतो. एक मात्र हसत सांगता येत नाही.

मराठीत ‘र’ला ‘य’ दोन रीतींनी जोडला जातो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. युनिकोडमध्ये हा दुसरा, चंद्रकोरीसारखा ‘र’ लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायचे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ते अदृश्य चिन्ह वाटेतल्या एखाद्या सॉफ्टवेअरने निरुपयोगी समजून गाळले, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. वेलांटी निखळली तर वाचकाला चूक दिसते तरी. इथे उरतो तो अगदी शुद्ध, अर्थपूर्ण शब्द, फक्त दुसराच. लेखनिकांच्या चुकांतही हीच जात सर्वांत घातक मानली जाते.

२०११ साली मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून येणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहिला. त्यात वाक्य होते : ‘आमच्या पाड्याच्या खाली खोल दर्या आहेत.’ आम्ही त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि वर्गात विचारले, “मोखाड्याला समुद्र कधी आला रे?” वर्ग हसला. विनोद आमच्यापैकी एकाने वर्गात केला, दुसऱ्याने तोच शिक्षककक्षात पुन्हा सांगितला. त्यामुळे इथे ‘आम्ही’ लिहिताना आम्हांला अडचण वाटत नाही.

दोन दिवसांनी तो मुलगा मोबाइल घेऊन आला. आमच्याच परिसराचे वर्णन करणारा एक लेख त्याने उघडून ठेवला होता. त्यात तीन ठिकाणी ‘दर्या’ होते. “सर, इथं असंच लिहिलंय,” एवढेच तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. छापल्यासारखे दिसणारे अक्षर चुकीचे असू शकते, हेच त्याला नवे होते. मूळ लेखकाने शब्द बरोबर लिहिला असणार. चिन्ह कुठे गळले ते आम्हांला शोधता आले नाही. ज्याच्या घरी एकही पुस्तक नव्हते, त्याने जे मिळाले त्यावरून शुद्धलेखन शिकून घेतले होते, आणि त्यासाठी आम्ही त्याला हसलो होतो. आम्ही गुण वाढवले आणि वर्गात आमची चूक सांगितली. पण वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गावाचे वर्णन करताना त्याने लिहिले होते : ‘खाली खूप खोल जागा आहे.’ दऱ्यांच्या काठावर वाढलेल्या मुलाने तो शब्दच टाळला होता.

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. विद्यार्थ्यांच्या हातातल्या फोनवर आता मराठी बहुधा नीट दिसते. तरी त्या ‘र’चे दोन मार्ग अजून आहेत, एका मार्गाने लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या मार्गाने लिहिलेला निसटू शकतो. पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही आता एकनाथांनंतर हे उदाहरण देतो. दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ची कळ शिफ्टसह दाबून ‘ऱ’ कसा उमटतो ते दाखवतो. निबंध तपासताना चुकीच्या शब्दाभोवती लगेच वर्तुळ काढत नाही. समासात आधी एक प्रश्न लिहितो : ‘हा शब्द कुठे वाचलास?’