सांगू नको, काढू दे

उन्हाळ कांद्याच्या काढणीसारखा कोडी घालायला दुसरा हंगाम नाही. देवळ्याच्या आसपास कुठल्याही वावरात जा. बायका ओळीने बसून पात कापत असतात, विळा सवयीने चालतो, हात गुंतलेले आणि तोंड मोकळे. मग एखादी जिजी आन्हा घालते. आन्हा म्हणजे आपल्या अहिराणीतले कोडे. कोकण-गोव्याकडे त्याला हुमाण म्हणतात. लग्नात नाव घेण्यापुरता उरलेला उखाणाही जुन्या बोलण्यात कोडेच होता.

•

अशाच एका काढणीत मी रचलेले कोडे घातले:

तीन अक्षरांचा मी. डोके काढले तर घोड्यावरून मांडवात येतो. पोट काढले तर आठवड्यात सात असतो. पाय काढले तर विहिरीच्या दोराची लांबी सांगतो. अख्खा सापडायला लांब जायला नको.

पहिल्यांदा 'वार' सुटला. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने सातावरून लगेच ओळखला. एक मावशी म्हणाल्या, "वार ते गाय व्याली की पडते ती." अर्थ दुसरा निघाला, तरी शब्द तोच. मांडवात येणाऱ्यावर मात्र बराच वेळ गेला. नवरदेव, नवरा, जावई असे सगळे येऊन गेले. अक्षरे दोनच हवीत म्हटल्यावर 'वर' आला. पण दोराची लांबी कुणालाच लागेना. तरुण मंडळी मीटर आणि फूट यांतच फिरत होती. कुणीतरी "उत्तर सांगून टाका" म्हणाले, तशी ओळीतली एक पोरगी ओरडली, "सांगू नको, माले काढू दे!"

बांधावर बसलेले आबा तोवर गप्प होते. त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढे अंतर, तेवढा एक वाव. मोटेच्या काळात दोर वावांनी मोजायचे. हे माप त्या पोरीने कधी ऐकलेले नव्हते, पण शब्द कानावर पडताच तिने तिन्ही तुकडे जोडले: "आरे, वावर शे ते!"

सगळे त्याच वावरात बसलेले होते.

•

या कोड्यात मला आवडते ते हे, की कुणा एकाजवळ अख्खे उत्तर नव्हते. 'वाव' आबांकडे होता, 'वार' मुलाकडेही होता आणि मावशींकडेही, आणि जोडणारी तिसरीच निघाली. गावाची भाषा अशीच वाटून ठेवलेली असते. थोडी गोठ्यात, थोडी विहिरीवर, थोडी पोरांच्या दप्तरात. एकट्याने कोडे सोडवताना आपण आपल्याच वाट्याचे शब्द पुन्हा पुन्हा चाळतो. चार जण बसले की चार घरांचे शब्द बाहेर येतात. 'शेत' म्हणणाऱ्या माणसाला हे कोडे सुटायला फार वेळ लागेल.

•

उमराण्याच्या बाजार समितीत ट्रॅक्टरची रांग लागली की लिलाव आपल्यापर्यंत येईस्तोवर काही सुचत नाही. अशा वेळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे ट्रॉलीवरून ट्रॉलीवर फिरते. पेन एकाकडे, चष्मा दुसऱ्याकडे. आडवे शब्द मोठ्याने वाचायचे, उभे ज्याचे त्याने पाहायचे. 'राजाचा सल्लागार, तीन अक्षरी' म्हटले की पाच जण एकदम 'प्रधान' म्हणतात. मग कुणीतरी शांतपणे 'अमात्य' सुचवतो आणि खालचा शब्द जुळतो. पुकारा जवळ आला की कोडे अर्धेच राहते.

•

छापील शब्दकोड्याचा जन्म न्यूयॉर्कचा. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात 21 डिसेंबर 1913 रोजी आर्थर विन यांचे पहिले कोडे आले. इंग्रजीत एका चौकोनात एक अक्षर, प्रश्न मिटला. मराठीत चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते. 'स्त्री'लाही एकच चौकोन पुरतो. म्हणून आपले शब्द आखूड होतात, आणि खरी अडचण वेलांटीची येते. 'कवी' आडवा ठेवला आणि 'कविता' उभी, तर मधला चौकोन दोघांना पुरत नाही. शब्दाच्या शेवटी आला म्हणून एकीकडे वी दीर्घ, दुसरीकडे तो मध्ये आहे म्हणून मूळचा ऱ्हस्वच राहतो. ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करून एकच चौकोन वापरण्याची सूट घेणारे कोडेकार आहेत. माझे मत स्पष्ट आहे: सूट घेऊ नये. सोडवणारा त्या चौकोनावर विश्वास ठेवून पुढे जातो. तिथे त्याला फसवले, की पुढचे तीन शब्द अडकतात.

•

कोडे घालणाऱ्याने खोटे बोलायचे नाही, एवढी एकच अट. आडवळणाने सांगावे, लपवावे, दुसऱ्या अर्थाकडे पाठवावे. पण उत्तर कळल्यावर प्रत्येक ओळ खरी निघाली पाहिजे. 'अरे, हे तर समोरच होते' असे वाटले तर कोडे चांगले. 'असे कसे?' वाटले तर वाईट.

•

शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या फडात कोडे घालण्या-सोडवण्याची हीच गोष्ट डफावर चालायची. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या. एका शाहिराने भेदिक लावणीतून कूट टाकायचे आणि समोरच्याने गाऊनच ते फोडायचे. पुराणातला कुठला धागा कुठे जोडलाय हे समोर बसलेला शेतकरी, विणकर, न्हावी असा सगळा गाव शोधत असे. ज्यांना शाळा मिळाली नव्हती अशा माणसांनी केवळ ऐकून केवढा अभ्यास जमवला होता, हे त्या सवाल-जवाबांवरून कळते. त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

•

हल्ली कोडे अर्धे ऐकले की कुणीतरी मोबाइल काढतो. आबांचे पसरलेले हात त्यात दिसत नाहीत.

•

सटाण्याचे डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणी नियतकालिक चालवले आणि या बोलीतले लोकवाङ्मय लिहून ठेवण्यासाठी पुष्कळ कष्ट घेतले. पण प्रत्येक घरातला आन्हा एका माणसाच्या वहीत कसा येणार? कसमादेत, म्हणजे आपल्या या देवळा-सटाण्याच्या भागात, ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले कुणी असेल, त्यांनी या उन्हाळ्यात एक वही घ्यावी. आन्हा जसा बोलला तसाच लिहावा, पुस्तकी करू नये. सांगणाऱ्याचे गाव, काम आणि आन्ह्यातल्या जुन्या शब्दाचा अर्थ त्याच पानावर टिपावा. उत्तर मागच्या पानावर लिहावे, म्हणजे पोरांना आधी डोके चालवता येईल.