विरजण

दही लावायला आधी थोडं दही लागतं. घरात विरजण नसेल तर वाटी घेऊन शेजारी जायचं, ही आपली जुनी रीत. काँप्युटरचंही तसंच असतं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. एक चालू लिनक्स असलं की त्याच्या आधाराने दुसरं लावता येतं. त्या अवजाराचं नाव 'डीबूटस्ट्रॅप'.

ह्यांचा काँप्युटर जुना, ३२-बिटी. इथल्या मुलुंडच्या एका दुकानदाराने पाहून सांगितलं, "आजी, भंगारात द्या." पण ह्यांनी त्यावर सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या उतरवायला घेतल्या होत्या. काम अर्धं राहिलं आणि हे गेले. ओव्यांची नक्कल मी पेन ड्राइव्हवर केव्हाच घेतली होती, पण उरलेल्या ओव्या त्याच यंत्रावर, त्याच कीबोर्डवर पुऱ्या करायच्या होत्या. हट्ट म्हणा हवं तर!

आता थोडी माहिती, मास्तरीणबाईंची खोड. 'डेबियन' हे लिनक्स इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलं. डेब्रा आणि इयान मिळून डेबियन. आपल्या सी-डॅकचं 'बॉस' लिनक्सही त्यावरच बेतलेलं. आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' चित्रपटांतल्या पात्रांची. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीत ३२-बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल राहिले नाहीत, म्हणून मी २०२३ ची १२वी घेतली. तिचं नाव 'बुकवर्म', म्हणजे पुस्तकातला किडा. आमच्या घराला शोभणारंच!

ह्यांचं जुनं लिनक्स अजून सुरू होत होतं. तेच माझं विरजण. डिस्कचा एक भाग रिकामा होता, तो तयार करून जोडला. नातू फोनवर होता, पण टायपिंग माझं. डीबूटस्ट्रॅप आपण दाखवू त्या फोल्डरपुरतंच काम करतं. अत्यावश्यक तेवढी पॅकेजं नेटवरून आणतं, त्यांच्या यादीवरची सही तपासतं, ती उलगडतं, मग त्या फोल्डरलाच सगळं जग मानून आत त्यांची मांडणी करतं. बाजूला ह्यांच्या फायली होत्या तशा राहिल्या.

गंमत म्हणजे एवढं होऊनही ते आपणहून सुरू होत नाही. कर्नल नाही, बूटलोडर नाही, पासवर्डसुद्धा नाही. ते एकेक आपण घालायचं. शेवटी मराठी लोकेल आणि लोहित देवनागरी फाँट घातला.

हे गेल्यावर घरातही असंच झालं होतं. एक पातेलं, एक ताट, सकाळचा चहा. तेवढ्यावर दिवस चालायचा, पण सुरू व्हायचा नाही. बाकीचं एकेक करून घालावं लागलं. त्याला काही कमांड नाही.

असो. ओव्यांची फाईल उघडली आहे, आणि मला आठवत होत्या त्या लिहूनही झाल्या. दळण सरतं तेव्हाच्या ओव्या मात्र मला येत नाहीत. वन्सं, हे वाचत असाल तर फोन करा. तुम्ही म्हणा, मी टाइप करते.