घरात बारावी आहे का?

रक्तदाब मोजून झाला आणि आकडा नेहमीपेक्षा चढा दिसला, की गेली काही वर्षे मी वयस्कर रुग्णांना एक जादा प्रश्न विचारतो, "आजी, घरात कुणाची बारावी आहे का?" प्रश्न ऐकून बहुतेक जणी आधी हसतात. मग हळूच सांगतात की गोळ्या संपून महिना झाला, पण मुलाला आत्ताच सांगितले नाही. नातवाच्या क्लासचा हप्ता भरायचा आहे. कुणी आजोबा साखरेची गोळी दिवसाआड घेत असतात. कुणी हर्नियाचा पट्टा बांधून दोन वर्षे काढतात. "पोराची परीक्षा होऊ द्या, मग बघू," हे वाक्य मी निरगुडसरच्या माझ्या दवाखान्यात इतक्या वेळा ऐकले आहे, की ते मला पाठ झाले आहे. तेच वाक्य माझ्या स्वतःच्या घरात बोलले जात होते, ते मात्र मला ऐकू आले नाही.

मी बारावी झालो तेव्हा वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळत असे. वडिलांनी पुस्तकांचा आणि वसतिगृहाचा खर्च केला. क्लास हा शब्द आमच्या घरात नव्हता. माझ्या थोरलीच्या वेळी नीटची परीक्षा होती, ७२० गुणांची. दहावीनंतर तिला पुण्याला ठेवायचे ठरले. क्लासची फी, भाड्याच्या दोन खोल्या, खाणावळ असा हिशेब मांडला. सोळा वर्षांची मुलगी एकटी कशी राहील, म्हणून पत्नीही तिच्याबरोबर गेली. एका घराची दोन घरे झाली. खर्च भागावा म्हणून मी संध्याकाळचा दवाखाना आठऐवजी दहापर्यंत उघडा ठेवू लागलो आणि रविवारची सुट्टीही सोडली.

घरी राहिले तिघे. मी, आई आणि आठवीतला धाकटा. खरे म्हणजे दोघेच. मी घरी येई तेव्हा आईने ताट झाकून ठेवलेले असे आणि मुलगा झोपलेला असे. आमच्या या पट्ट्यात डिंभे धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसाच्या आसऱ्याने बिबट्याही आला. त्यामुळे अंधार पडला की मुलाला शिकवणीहून घरी आणणे हे एक कामच असते. ते काम आई करीत असे. हातात बॅटरी घेऊन रस्त्याच्या वळणापर्यंत जाई. वय ७४. मी त्याबद्दल तिचे कौतुक करीत असे. तिला त्या अंधारात कितपत दिसते, हे मात्र कधी विचारले नाही.

तिने वर्तमानपत्र वाचणे सोडले होते. "चष्मा जुना झालाय," म्हणाली. मीही मान डोलावली. भाजीत मीठ दोनदा पडू लागले, तांदळात खडे राहू लागले. मला वाटले, वय झाले. दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल हे ऐकले असते, तर मी बॅटरी हातात घेऊन आधी डोळ्यांची बुबुळे पाहिली असती.

धाकट्याच्या ते लक्षात आले. एका रात्री तो माझी वाट पाहत जागा राहिला आणि म्हणाला, "बाबा, आजी गोळ्या रंगावरून घेते. सकाळची आणि रात्रीची सारखीच दिसते तिला." मी म्हणालो, रविवारी बघतो. तो रविवार यायच्या आत, पहाटे मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळून आई पडली आणि उजवे मनगट मोडले. पायरी कुठे संपते, ते तिला दिसलेच नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. किती दिवसांपासून, असे विचारल्यावर म्हणाली, "पोरगी पुण्याला गेली तेव्हापासून. तुझ्यामागे आधीच एवढा व्याप. म्हटलं, तिची परीक्षा होऊ दे."

डॉक्टरच्या घरात पैशांची अडचण असली तरी या शस्त्रक्रियेपुरती नक्कीच नव्हती. आईने माझे पैसे वाचवले नव्हते. तिने माझा वेळ वाचवला होता, कारण तो शिल्लकच नाही हे तिला दिसत होते.

माझ्या रुग्णांच्या घरांत मात्र पैसाही खरोखर कमी असतो. उसाचा हप्ता आणि कांद्याचा भाव यांवर फी अवलंबून असते. म्हणून काही गोष्टी इथे स्पष्ट सांगतो. रक्तदाबाची आणि मधुमेहाची नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात विनामूल्य होते. ती साधारण पंधरा-वीस मिनिटांची असते, फक्त त्याआधी साखर आटोक्यात लागते. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय फेरीतूनच हवा. क्लासची फी आणि खोलीचे भाडे यात येत नाही, आणि घरे बहुधा तिथेच खचतात. नातीचे शिक्षण म्हणून आजी गोळी अर्धी करते, तेव्हा ती बहुतेक वेळा कॉलेजसाठी नव्हे, क्लाससाठी अर्धी होत असते. अर्ध्या गोळीने महिन्याकाठी वाचणारे पैसे आणि अर्धांगाच्या झटक्याचा खर्च, हा हिशेब मी आता कागदावर मांडून दाखवतो. काही जण ऐकतात.

आईच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर महिनाभर डोळ्यांत थेंब घालायचे होते, सुरुवातीला दिवसातून चार वेळा. उजवा हात प्लास्टरमध्ये. सकाळचे आणि शाळेतून आल्यावरचे थेंब धाकट्याने घातले, दुपारचे मी जेवायला येऊन घालू लागलो. रात्रीच्या थेंबांसाठी दवाखाना पुन्हा आठला बंद होऊ लागला. उत्पन्न घटले. पुण्याच्या दोन खोल्यांची एक खोली करावी लागली. थोरली आणि तिची आई वर्षभर अडचणीत राहिल्या, आणि त्याबद्दल थोरली माझ्यावर काही दिवस रुसलीही होती. तिला एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही. ती फिजिओथेरपी शिकते आहे. खोली मोठी असती तर गुण वाढले असते का, हा प्रश्न माझ्या मनात अजूनही अधूनमधून येतो.

पट्टी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी आई ओटीवर बसून बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मी विचारले, दिसतंय ना नीट? ती म्हणाली, "दिसतंय रे. तू एवढा कधी पिकलास?"